तंगीच्या वर्षात घराची राखण : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका लहान गावात राहते. साडेचार एकर कोरडवाहू वावर आहे. त्यात पऱ्हाटी (म्हणजे कापूस), सोयाबीन आणि तुरीच्या चार ओळी. गावातल्या एका महिला बचत गटाची मी सचिव आहे. दोन वर्षांपूर्वी, दिवाळीला दहा दिवस असताना आमचं घर फुटलं. सोयाबीन विकून आलेले अठ्ठावीस हजार रुपये आणि माझ्या आईची एकदाणी, म्हणजे गळ्यातली मण्यांची माळ, गेली. तेव्हापासून गटाच्या बैठकीत, आठवडी बाजारात, लग्नाच्या मांडवात, सगळीकडे बायामाणसं मला तेच तेच प्रश्न विचारतात. मी काही पोलीस नाही की बँकेतली साहेब नाही. पण ठेच लागल्यावर जे शिकले, विचारून-पडताळून जे कळलं, ते इथे लिहिते आहे.

आमच्याकडे आहेच काय? चोर नेणार तरी काय?

मीसुद्धा हेच म्हणत होते. तंगीच्या वर्षात घरात कमी असतं हे खरं, पण जे असतं ते सगळं एकाच पेटीत असतं. नोकरदाराचा पैसा महिन्या-महिन्यानं येतो आणि खात्यात पडतो. कास्तकाराचा पैसा वर्षातून एकदा-दोनदा येतो, हातात येतो, आणि त्यातूनच कृषी केंद्राची उधारी, किराणा, पोरांची फी, दिवाळी हे सगळं भागवायचं असतं. म्हणजे आठ-पंधरा दिवस सबंध वर्षाची कमाई घरात पडून असते. आणि ते साऱ्या गावाला माहीत असतं, कारण दारात मेटॅडोर उभा राहून पोती भरली गेलेली सगळ्यांनी पाहिलेली असतात.

म्हणून बारा महिने घाबरून राहायची गरज नाही. जपायचे दिवस मोजके आहेत. चुकारा, म्हणजे विकलेल्या मालाचे पैसे, मिळाल्यानंतरचा आठवडा, दिवाळीच्या आधीचे दिवस, लग्नसराई, आणि मृग लागायच्या आधी बियाण्या-खताचा पैसा जमा करतो तेव्हाचे. एवढ्या दिवसांत घर कडक राखलं तरी खूप झालं.

कुलूप चांगल्या कंपनीचं आहे. तेवढ्यानं भागत नाही का?

नाही भागत. आमचंही कुलूप चांगलं होतं, पितळी, जड. संध्याकाळी वेचणीवरून परत आले तेव्हा ते जसंच्या तसं बंद होतं, कोयंड्यातच अडकलेलं. कोयंडा मात्र चौकटीतून उपटून खाली लोंबत होता. उंबऱ्यापाशी चार स्क्रू पडले होते. उचलून पाहिले तर जेमतेम अर्ध्या इंचाचे, आणि त्यांच्या आट्यांत सागाचा भुसा भरलेला. दरवर्षी पावसाचं पाणी त्या बाजूनं झिरपायचं, लाकूड आतून मऊ पडलं होतं. एका सळाखेच्या हिसक्यात काम झालं असणार.

तेव्हा कुलपावर पाचशे रुपये घालवण्याआधी कडी-कोयंडा पाहा. स्क्रू काढून टाका आणि तिथे आरपार जाणारे बोल्ट बसवा. नट आतल्या बाजूनं येऊ द्या, त्याखाली रुंद वायसर घाला आणि बोल्टाचं टोक हातोडीनं ठोकून टाका, म्हणजे नट फिरणार नाही. आमच्या गावच्या सुताराकडून दोन्ही दारांचं हे काम मजुरीसकट साडेतीनशेत झालं. चौकट कुजली असेल तर कोयंडा तिथेच परत ठोकू नका. चांगल्या लाकडात, वीतभर वर किंवा खाली सरकवा.

मागच्या दाराचं काय, हे कोणी विचारत नाही, आणि चोर बहुधा तिथूनच येतो. न्हाणीकडचं दार, गोठ्याकडचं दार. या दारांना बाहेरून कुलूप लावू नका. आतून आगळ घाला. जुन्या घरांत भिंतीत खोबण असायची आणि मनगटाएवढ्या जाडीचा दांडा आडवा सरकायचा, त्याला तोड नाही. नव्या घरकुलाच्या पत्र्याच्या दारालाही वेल्डिंगवाला दोन कड्या लावून देतो, त्यात सळाख आडवी घालता येते.

टिनाचं छप्पर असेल तर एकदा शिडी लावून हूक-बोल्ट तपासा. वादळानंतर कितीतरी घरांचे पत्रे नुसत्या दगडांवर उभे असतात. तो पत्रा वाऱ्यानं उचलतो तसा माणसालाही उचलता येतो.

उन्हाळ्यात आम्ही अंगणात, गच्चीवर झोपतो. घरात कोणी नसतं. मग?

आपल्याकडे पारा पंचेचाळीसच्या वर जातो तेव्हा आत झोपा असं कोणाला सांगणार? झोपा बाहेर, पण दार उघडं टाकून नको. कुलूप लावून चावी स्वतःजवळ घ्या. मोबाइल खिडकीच्या कठड्यावर चार्जिंगला लावून झोपायची सवय सोडा. गळ्यातलं-कानातलं काढून ठेवायचं असेल तर झोपायच्या आधी आत ठेवा, उशीखाली नको.

खरी गोम कूलरमध्ये आहे. कूलर बसवायचा म्हणून आपण खिडकीचे गज कापतो. मग चार महिने त्या जागी गवताच्या जाळीची आणि पातळ पत्र्याची पेटी असते, जी बाहेरून दोन माणसं सहज ओढू शकतात. पावसाळ्यात कूलर निघतो आणि त्या भोकावर पुठ्ठा किंवा फळी येते. माझ्या मावसबहिणीकडे असंच झालं, आणि कूलरच्या घरघरीत आत झोपलेल्या म्हाताऱ्या सासऱ्यांना काही ऐकूही आलं नाही. गज कापू नका. कूलर गजांच्या बाहेर स्टँडवर ठेवा, हवा गजांतूनही येते. कापलेच असतील तर वेल्डिंगवाल्याकडून तेवढ्या मापाची उचलून लावायची जाळी करून घ्या. आणि कूलरला अर्थिंग आहे ना, हेही त्याच दिवशी बघून घ्या. त्यात पाणी टाकताना शॉक लागून दरवर्षी माणसं जातात, ते चोरीपेक्षा मोठं नुकसान आहे.

वेचणीच्या दिवसांत घर दिवसभर बंद असतं. राखायला कोणाला बसवायचं?

वेचणीला घरातली एक बाई कमी केली तर दिवसाची मजुरी बुडते, हे मला माहीत आहे. आम्ही आमच्या ओळीतल्या सहा घरांनी पाळी लावली. रोज एका घरातलं एक माणूस गावात थांबतं, बहुतेक वेळा म्हातारं किंवा बाळंतीण किंवा ताप आलेलं कोणीतरी. तिनं खाट ओट्यावर टाकून बसायचं, येणाऱ्या-जाणाऱ्याला "कोणाकडे आले बापा?" एवढं विचारायचं. खर्च शून्य. ज्या दिवशी कोणीच मोकळं नसतं त्या दिवशी शाळेतून येणाऱ्या पोरांना चावी कुठे आहे हे माहीत असतं, पण ती चौकटीवर नसते.

चौकटीवरची चावी, तुळशीखालची चावी, न्हाणीच्या कोनाड्यातली चावी. या तिन्ही जागा गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतात. चावी शेजारच्या घरी, माणसाच्या हातात द्या.

कापूस घरात भरून ठेवला आहे, भाव येईल म्हणून. धोका आहे का?

चोरीचा कमी, आगीचा जास्त. पुढच्या खोलीत छतापर्यंत कापूस, त्यातून गेलेली उघडी वायर, एक बल्ब, आणि पलीकडे चूल. मी घराघरांत हे चित्र पाहते आणि जीव वरखाली होतो. कापूस भरायचाच असेल तर त्या खोलीतला बल्ब आणि बोर्ड आधी बंद करा, बिडी-काडी आत नेऊ नका, पाण्याचा ड्रम दाराशी ठेवा.

भावाचं म्हणाल तर २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्रानं जाहीर केलेला हमीभाव मध्यम धाग्याला ७,७१० आणि लांब धाग्याला ८,११० रुपये क्विंटल होता. भारतीय कापूस महामंडळाच्या केंद्रावर विकायचा तर त्या हंगामापासून 'कपास किसान' ॲपवर आधी नोंदणी करावी लागते, आणि ओलावा आठ टक्क्यांच्या वर गेला की पैसे कापतात, बाराच्या वर गेला की घेत नाहीत. दव असताना सकाळी वेचलेला कापूस तसाच दाबून भरला तर घरात ठेवून भाव वाढायचा राहिला बाजूला, प्रतच उतरते.

सोयाबीन, तूर, हरभरा यांचं मात्र वेगळं आहे. त्यांच्यासाठी पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना १९९०-९१ पासून आहे. बाजार समितीच्या गोदामात माल ठेवायचा, किमतीच्या पंच्याहत्तर टक्क्यांपर्यंत रक्कम सहा टक्के व्याजानं मिळते, मुदत सहा महिन्यांची. गरज भागते, माल घरात नसतो, आणि भाव आला की विकता येतो. आमच्या गावात आजही दहातल्या आठ जणांना ही योजना माहीत नाही. तुमच्या बाजार समितीत ती चालू आहे का, एवढं एकदा जाऊन विचारा.

रोख घरात किती ठेवावी? आणि कुठे?

पंधरा दिवसांचा किराणा आणि रात्री-बेरात्री दवाखान्यात न्यायची वेळ आली तर गाडीभाडं, एवढीच. आमच्या घरी तो आकडा चार हजार आहे. तुमचा तुम्ही ठरवा, पण ठरवा आणि घरातल्या दोन माणसांना सांगून ठेवा.

कुठे ठेवावी याचं उत्तर मी कोणालाच देत नाही, कारण दिलं की ती जागा राहिली नाही. कुठे ठेवू नये ते सांगते. लोखंडी पेटीत साड्यांच्या खाली, गादीखाली, देवघरात, तांदळाच्या डब्यात, कणगीत. आमच्याकडे चोरानं पेटी उघडली, पातळं एकेक झटकून बाहेर टाकली, मग डबे पालथे केले. सगळं घर शोधायला त्याला दहा मिनिटंही लागली नसतील. बायका पैसा कुठे लपवतात हे त्याला माझ्याइतकंच ठाऊक होतं.

बँकेत टाकले की बँक पीककर्जात कापून घेते. म्हणून तर घरात ठेवतो.

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो, आणि ही भीती पोकळ नाही. थकबाकी असली की खात्याला होल्ड लागल्याचा, म्हणजे पैसे काढायला बंदी आल्याचा, अनुभव गावोगावी आहे. अतिवृष्टीच्या मदतीची रक्कम कर्जात वळती करू नये असे आदेश जिल्हाधिकारी काढत आले आहेत. तुमची मदत कापली असेल तर तहसील कार्यालयात लेखी अर्ज द्या, तोंडी बोलून येऊ नका.

पण त्यावर उपाय गादीखाली पैसे ठेवणं हा नाही. कर्जाचं खातं एका बँकेत आणि बचतीचं दुसरीकडे असू द्या. पोस्टात खातं काढता येतं, पोस्टमन घरी येऊन अंगठ्यावर पैसे देतो. जनधन खात्याला किमान शिल्लक लागत नाही. बायकोच्या नावानं वेगळं खातं असेल तर तिचा लाडकी बहिणीचा हप्ता आणि मजुरी तिथेच राहू द्या. बँक बुडाली तर काय, असंही विचारतात. प्रत्येक बँकेतल्या ठेवीला व्याजासकट पाच लाखांपर्यंत विमा असतो, ४ फेब्रुवारी २०२० पासून. पतसंस्थेच्या ठेवीला हा विमा नाही. ओळखीचा माणूस एजंट आहे म्हणून जास्त व्याजाच्या आशेनं तिथे सगळं टाकू नका.

आणि कर्ज थकवू नका, शक्य आहे तोवर. तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज वेळेत भरलं तर व्याजाच्या सवलतीमुळे ते चार टक्क्यांवर येतं. थकलं की सवलतही जाते आणि पुढच्या वर्षी दार बंद होतं. मग सावकाराचं दार उरतं.

दागिने घरी ठेवू की लॉकरमध्ये? की गहाण टाकून मोकळी होऊ?

तालुक्याच्या शाखेत लॉकर मिळाला तर नशीब. मिळाला तर एक माहीत असू द्या. चोरी, आग किंवा बँकेच्या माणसाचा घोटाळा झाल्यास बँकेची जबाबदारी वर्षाच्या भाड्याच्या शंभर पटीपर्यंतच असते. भाडं दीड हजार, तर दीड लाख.

पैशाची नड असेल आणि दागिना नाहीतरी पेटीतच पडून असेल, तर बँकेत सोनेतारण ठेवणं वाईट नाही. नड भागते आणि दागिना तिजोरीत जातो. पावतीवर वजन, नगांची संख्या आणि खडे वगळून निव्वळ सोनं किती, हे लिहिलेलं पाहूनच सही करा. सोडवायची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनानं लिहा.

सावकाराकडे जायचंच असेल तर परवाना पाहा. महाराष्ट्र सावकारी अधिनियम २०१४ चा आहे. त्याखाली ठरलेला दर शेतकऱ्याला तारण कर्जासाठी वर्षाला नऊ टक्के आणि विनातारण बारा टक्के आहे. "शेकडा तीन, शेकडा पाच" असं जे महिन्याचं बोललं जातं ते सरळसरळ बेकायदा आहे. तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधक, सहकारी संस्था यांच्या कार्यालयात होते. अवैध सावकारीत लिहून दिलेली जमीन परत मिळण्याची तरतूदही या कायद्यात आहे.

घरी जे राहील त्याचे मोबाइलवर फोटो काढा, पट्टी शेजारी ठेवून. मी एकदाणीचा फोटो काढला नव्हता. पोलिसांनी वर्णन विचारलं तेव्हा मणी किती होते तेही मला सांगता येईना. लहानपणापासून आईच्या गळ्यात पाहिलेली वस्तू, आणि मला मणी मोजता आले नाहीत.

सीसीटीव्ही घ्यावा का?

एका घरासाठी, तंगीच्या वर्षात, नको. लाइट जाते, नेट नसतं, अंधारात चेहरा ओळखू येत नाही. ग्रामपंचायतीनं एसटी थांब्यावर आणि गावात शिरायच्या रस्त्यावर दोन कॅमेरे बसवले तर त्याचा सगळ्यांना उपयोग. ग्रामसभेत मागा.

रात्रभर बाहेरचा दिवा लावला तर बिल वाढेल ना?

नऊ वॉटचा एलईडी अकरा तास रोज जळला तर महिन्याला तीन युनिट होतात. जुना साठ वॉटचा बल्ब त्याच वेळात वीस युनिट खातो. जुना बदलला तर रात्रभर उजेड ठेवूनही बिल कमीच येईल. दिवा समोर नको, मागच्या दाराकडे लावा. आणि घरी कोणी नसताना दिवसाही तो जळत राहिला तर घर बंद असल्याची ती पाटीच होते, म्हणून बटण शेजारणीला दाखवून ठेवा.

कुत्रा पाळावा का?

पाळाच. पोळी-भाकरीवर जगतो. पण गल्लीतल्या कुत्र्यालाही रोज एक भाकर घातली तरी तो तेच काम करतो. रेबीजची लस मात्र पशुवैद्यकीय दवाखान्यातून टोचून घ्या.

वावरातली मोटर, केबल, ठिबकच्या नळ्या चोरीला जातात. त्याचं काय?

केबल तांब्यासाठी जाते, जाळून विकतात. शक्य तिथे ॲल्युमिनियमची टाका, ती चोराला परवडत नाही. स्टार्टर पेटीतून काढून घरी आणता येत असेल तर हंगाम संपल्यावर आणाच. मोटरच्या अंगावर वेल्डिंगनं गावाचं आणि स्वतःच्या नावाचं अक्षर कोरून घ्या, रंगानं लिहिलेलं पुसतात. मोटरचा नंबर आणि बिलाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. स्प्रेपंप, ताडपत्री, बियाण्याची पिशवी वावरातल्या झोपडीत रात्रभर ठेवू नका.

हात जोडून एक सांगते. तारेत करंट सोडू नका. रानडुकरांसाठी म्हणून सोडतात, आता चोरांसाठीही सोडायला लागलेत. त्या तारेला चोर लागत नाही, शेजाऱ्याचा सालगडी लागतो, रात्री ओलीत करायला गेलेला आपलाच पोरगा लागतो. माणूस मेला तर तार लावणारा तुरुंगात जातो आणि दोन घरं उघडी पडतात.

खर्च कुठे कमी करावा? हाताशी काहीच उरत नाही.

कुठे कमी करावा ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं कळतं, साऱ्यांचंच सगळं कापून झालंय. कुठे कापू नये ते सांगते. प्रधानमंत्री सुरक्षा विमा, वर्षाला २० रुपये, अपघाती मृत्यूला दोन लाख. सतरा वर्षांच्या पोरापासून नाही, अठरा ते सत्तर वयापर्यंत. जीवनज्योती विमा, वर्षाला ४३६ रुपये, कोणत्याही कारणानं मृत्यू आला तर दोन लाख, अठरा ते पन्नास वयात घेता येतो. हे पैसे मे महिन्याच्या शेवटी खात्यातून आपोआप कटतात. त्या आठवड्यात खात्यात पाचशे रुपये नसतील तर विमा बंद. आमच्या गटातल्या एका बाईचा नवरा सर्पदंशानं गेला तेव्हा कळलं की त्या वर्षी खातं रिकामं होतं. पेरणीच्या तोंडावर ते रिकामंच असतं, म्हणून मी आता वीस मेला सगळ्यांना आठवण करते.

पीकविमाही टाळू नका. राज्याची एक रुपयातली योजना २०२५ च्या खरिपापासून बंद झाली. आता खरीप पिकाला विमा रकमेच्या दोन टक्के, कापसासारख्या नगदी पिकाला पाच टक्के हप्ता भरावा लागतो.

भिशी बरी की बचत गट?

बचत गट. भिशी विश्वासावर चालते, वही एकाच माणसाकडे असते आणि तो गेला की सगळं गेलं. गटाचं बँकेत खातं असतं, तीन बायांपैकी दोघींच्या सह्या लागतात, दर बैठकीला सगळ्यांसमोर आकडे वाचले जातात. बैठकीत जमा झालेले पैसे अध्यक्षाच्या घरी रात्रभर ठेवू नका, दुसऱ्या दिवशी बाजाराला जाणारीच्या हाती एकटीच्या नाही, दोघींच्या हाती पाठवा. ज्यांना गट नाही त्यांनी पोस्टात आरडी, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कम भरायचं खातं, काढावं, महिना शंभर रुपयांपासून सुरू होते, पाच वर्षांची असते.

मोबाइलवर "केवायसी करा नाहीतर हप्ता बंद" असा मेसेज येतो. खरा असतो का?

पीएम किसान, लाडकी बहीण यांच्या नावानं जी फाइल व्हॉट्सॲपवर येते आणि टाकून घ्यायला सांगते, ती उघडूच नका. नाव सरकारी असतं, आत चोर असतो. तुमचे मेसेज वाचतो, ओटीपी घेतो. हप्ता जमा व्हायला पिन लागत नाही, पिन फक्त पैसे द्यायला लागतो. एवढं एक वाक्य घरातल्या सासूला, सासऱ्यांना तोंडपाठ करवा.

गेलेच पैसे तर तासाभरात १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत नंबरला फोन लावा आणि बँकेलाही कळवा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम वाटेत अडकवता येते. तुमची चूक नसेल आणि तीन कामाच्या दिवसांत बँकेला कळवलं असेल तर रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमाप्रमाणे नुकसान तुमच्यावर येत नाही. ओटीपी तुम्हीच सांगितला असेल तरी कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेच्या माथी. म्हणून लाज वाटली तरी सांगा.

गावात रात्रीची गस्त सुरू करायची आहे. कशी करावी?

पोलीस पाटलांमार्फत ठाण्यात जाऊन ग्राम सुरक्षा दलाची नावं नोंदवा. चार-चार जणांची पाळी, शिट्टी आणि बॅटरी, हातात काठी चालेल पण कोयता नको. जागलीची सवय आपल्या लोकांना आहे, तीच वावरातून गावात आणायची.

पण अनोळखी माणसाला हात लावायचा नाही. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून जमावानं पाच जणांना ठेचून मारलं. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागत फिरणारे होते. आपल्याकडे चोरी झाली की पहिलं बोट पारध्यांच्या बेड्याकडे, म्हणजे वस्तीकडे, जातं. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्यानं कित्येक जमातींना जन्मानंच गुन्हेगार ठरवलं. तो कायदा १९५२ मध्ये गेला, आपल्या मनातून गेला नाही. आमच्याकडे चोरी झाली त्या रात्रीही चार पोरं बेड्यावर जायला निघाली होती. माझ्या सासूनं दारात आडवं उभं राहून त्यांना थांबवलं. दोन महिन्यांनी सापडलेला माणूस मेटॅडोरवर हमाली करणारा निघाला, ज्यानं आमचीच पोती भरली होती. पैसे त्याच्याकडे उरले नव्हते. घेऊन जाणाऱ्याचंही ते वर्ष तंगीचंच होतं, असं मला पुढे समजलं.

चोरी झालीच तर आधी काय करू?

आत जाऊ नका, माणूस आत असू शकतो. ओरडा, शेजारी गोळा करा, ११२ लावा. पोलीस येईपर्यंत पेटी, दाराची कडी, सांडलेले डबे यांना हात लावू नका. आम्ही लाजेखातर सगळं आवरून ठेवलं, पाहुणे येतील म्हणून, आणि ठसे पुसून टाकले.

तक्रार ठाण्यात द्या. ऑनलाइन दिली तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. हद्द आमची नाही असं सांगून परत पाठवता येत नाही. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती घेतल्याशिवाय उठू नका. नोंदच करून घेत नसतील तर जिल्हा पोलीस अधीक्षकांना लेखी पाठवा. मोबाइल गेला असेल तर संचार साथी संकेतस्थळावरून तो बंद करता येतो, त्यासाठी आयएमईआय नंबर, म्हणजे त्या मोबाइलचा ओळख क्रमांक, लागतो. आज, आत्ता, *#०६# दाबून तो वहीत लिहून ठेवा.

चोरी झाल्यापासून घरधनी बोलत नाहीत, जेवत नाहीत. काय करावं?

हा प्रश्न मला एका बाईनं फोनवर कुजबुजत विचारला. मी त्याच संध्याकाळी तिच्या घरी गेले. आपल्या जिल्ह्यात कोणालाही हे समजावून सांगायची गरज नाही की असं गप्प बसणं काय असू शकतं. माणसाला एकटं सोडू नका. फवारणीचं औषध घरातून काढून दुसऱ्याच्या घरी ठेवा, आजच. त्यांच्याशी हिशोबाचं बोलू नका, जेवायला शेजारी बसा. १४४१६ हा टेली-मानसचा नंबर आहे, फुकट आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनाही सांगा, आशाताईला सांगा. त्यांना वाटतं घर राखता आलं नाही, कर्ता पुरुष असून. आमच्या घरीही तीन आठवडे तसंच होतं. मग एक दिवस ते स्वतःच उठून सुताराला बोलवायला गेले.

पोस्टाचं पासबुक, गहाणाच्या पावत्या, सातबारा हे कुठे ठेवू?

मूळ कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत, पेटीत नको. प्रत्येकाचा फोटो घरातल्या दोन मोबाइलवर. प्रत्येक खात्याला वारसाचं नाव लागलं आहे का ते या महिन्यात बघून या. आमच्या गटात वीस पासबुकं तपासली तर सातांवर वारसच नव्हता, आणि एकीवर दहा वर्षांपूर्वी वारलेल्या सासूचं नाव होतं.